नाववाल्याचा निकाल

मंगळवार, २५ फेब्रुवारी २०१४

जिंकले. शेफिल्डच्या कोर्टात दुपारी साडेतीनला निकाल झाला. क्लिफर्ड इबटसन या साठीला आलेल्या माणसाने पंचवीस मार्चपर्यंत घर रिकामं करायचं. घर त्याच्या आईच्या नावावर भाड्याने होतं, आणि घराची मालक असलेली संस्था माझी अशील. आई गेली. तिच्या मरणाआधीचे बारा महिने मुलगा सलग त्या घरात राहिला असेल तर घर त्याच्याकडे राहतं, नाहीतर जातं. तो चौदा वर्षं राहत होता, पण शेवटच्या वर्षात खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार महिने बहिणीकडे पडून होता. मी म्हटलं, सलगपणा तुटला. न्यायाधीश म्हणाले, तुटला.

साक्षीत मी त्याला बरंच फिरवलं. तो म्हणत होता, "माझं सगळं तिथंच होतं बाई. कबुतरं तिथं होती. शेजारी दाणा घालायचा."

"कबुतरं बहिणीकडे नेता आली नसती?"

"नाही हो. शर्यतीचं कबुतर ज्या छपरावर वाढतं तिथंच परत येतं. पिल्लू असलं तर शिकवता येतं. मोठं झालेलं नाही. कुठंही नेऊन सोडा, त्याच छपरावर येऊन बसणार."

"म्हणजे त्या घरात सलग राहिली ती कबुतरं, तुम्ही नाही."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही मान खाली घालून हसू गिळलं. वाक्य छान जमलं होतं.

बाहेर तो काठी टेकत माझ्याकडे आला. मला वाटलं, आता शिव्या ऐकायच्या. तर त्याने हात पुढे केला. "तुमचं काम तुम्ही केलंत बाई. राग नाही. आता कबुतरांचं काय करायचं ते बघायला हवं." मी हात मिळवला. आम्ही बॅरिस्टर मंडळी आपसांत हात मिळवत नाही. जुनी रीत आहे, विश्वास धरूनच चालायचं म्हणून. त्यामुळे दिवसभरात मी हातात घेतलेला हात तेवढा एकच.

त्याचा वकील फर्गस टिंडल, वय एकतीस, घरात तान्हं बाळ, गाऊनच्या खांद्यावर दुधाचा डाग. त्याची तयारी कच्ची होती. तो काही माझा दोष नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आम्ही काही बॅरिस्टर एकत्र बसतो त्या चेंबरचे मुख्य कारकून क्रॅबट्री सकाळीच दारात उभे. सोळाव्या वर्षी इथे चिकटले, आता बासष्ट. आम्हाला कामं आणून देतात आणि आमच्यावर राज्य करतात.

"मिस कॉथॉर्न, संस्था खूश आहे तुमच्यावर. अशीच आणखी सहा माणसं आहेत त्यांच्या यादीत. आजारपणात घराबाहेर राहिलेली. सगळी तुमच्याकडेच देणार म्हणतात."

"सहा?"

"का, कमी पडली का?"

मी हसले. दुपारचं जेवण गेलं नाही. मासा ताजा नसावा.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आमच्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळाचं नवं नियमांचं पुस्तक जानेवारीपासून लागू झालंय. चेंबरमध्ये ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे, कारण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच. आज सगळ्यांना तासभर सांगितलं. मुख्य दोन गोष्टी. आपल्या हातून गंभीर गैरवर्तन झालं तर आपणच मंडळाला कळवायचं. आणि दुसऱ्या बॅरिस्टरच्या हातून झालेलं आपल्याला कळलं, तर तेही कळवायचं, मग तो आपला जिवाभावाचा मित्र का असेना.

मागच्या ओळीतून एकीने विचारलं, "समजा आपल्याविरुद्ध जाणारा वरच्या कोर्टाचा निकाल आपल्याला सापडला, आणि समोरच्याला तो माहीतच नाही. तर?"

"तर आपण उठायचं आणि स्वतःच्या हाताने तो न्यायाधीशांना द्यायचा."

"आपलाच अशील हरला तरी?"

"हरला तरी. आपण आधी कोर्टाचे, मग अशिलाचे. न्यायाधीश आपल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याची ही किंमत आहे."

न अडखळता सांगितलं. मग दोनदा पाणी प्यायले. सगळ्यांनी कौतुक केलं.

रविवार, २ मार्च

इथे तरी लिहावं. ही वही कुणी वाचत नाही.

गेल्या रविवारी, तेवीस तारखेला, ओव्हनमध्ये मांस भाजायला ठेवलं होतं आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी इबटसनची तयारी करत होते. सहज म्हणून आणखी एकदा शोधलं. चार वर्षांपूर्वीचा निकाल निघाला. छापील पुस्तकांत आलेला नाही, संगणकावर आहे तोही चुकीच्या मथळ्याखाली, कालव्यांच्या परवान्यांमध्ये. कालव्यावर नाव चालवणारा एक माणूस आईच्या घरात राहायचा. पाय मोडला, पाच महिने दुसऱ्या गावात इस्पितळात आणि मित्राकडे. आई वारली. वरच्या कोर्टाने सांगितलं, घर त्याचंच.

मी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं नाही. दुसरं वाचलं असतं तर निकाल मला माहीत होता असं म्हणावं लागलं असतं. पण पहिल्या पानावरच सगळं होतं. मी संगणक बंद केला आणि मांस बाहेर काढलं. करपलं नव्हतं, उलट चांगलं झालं होतं.

दोन दिवसांनी कोर्टात मी वाट बघत बसले की टिंडल आता काढेल, मग काढेल. त्याने काढला नाही. न्यायाधीशांनी मला सरळ विचारलं, "मिस कॉथॉर्न, या मुद्द्यावर वरच्या कोर्टाचं काही आहे का?" मी म्हणाले, "माझ्या विद्वान मित्रांनी काही दाखवलेलं नाही." विद्वान मित्र म्हणजे समोरचा वकील, टिंडल. शब्द न् शब्द खरा.

सत्तावीस वर्षांच्या वकिलीत मी कधी खोटं बोललेले नाही. हेही खोटं नव्हतं. तिथे पाय होता, इथे खुबा.

खुबा काय नि पाय काय. कुणाला फसवतेय मी.

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा शेफिल्ड, वेगळं प्रकरण. वकिलांच्या खोलीत टिंडल भेटला. मला बघून चमकला आणि चक्क हात पुढे केला, जणू मी त्याची अशील. मग भान येऊन मागे घेतला. कान लाल झाले होते.

"मिस कॉथॉर्न, ते इबटसन... तुम्हाला नंतर काही..."

"काही काय?"

"नाही. काही नाही." कोर्टात घालायचा केसांचा टोप उचलला आणि निघून गेला. टोप माझा होता. पाच मिनिटांनी कुणाच्या तरी हाती परत पाठवला, स्वतः आला नाही.

याला कळलंय. याने तो निकाल शोधलाय, आणि मला तो माहीत होता हेही ओळखलंय. हात पुढे केला तो टोमणा असणार. आता तो मंडळाला कळवणार. पुस्तकाप्रमाणे त्याला कळवावंच लागेल, मीच शिकवते ना.

गुरुवार, ६ मार्च

टिंडलचा निरोप: "दहा मिनिटं बोलता येईल का? इबटसन यांच्याविषयी. लिहून सांगण्यासारखं नाही."

लिहून सांगण्यासारखं नाही म्हणजे सरळ धमकी. मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी दुसरा निरोप: "राहू द्या. क्षमस्व." मांजर उंदराला खेळवतं तसं चाललंय याचं.

त्याचा रागही येतो. पहिल्याच दिवशी नीट शोधला असतास बाबा, तर ही वेळ कुणावरच आली नसती. एका तासाचं काम होतं. त्याचं काम त्याने करायचं नाही आणि पाप माझ्या डोक्यावर.

सोमवार, १० मार्च

प्रॉसरबरोबर जेवले. ग्विलिम प्रॉसर आणि मी एकाच दिवशी वकिलीची शपथ घेतली, सत्तावीस वर्षं दर सोमवारी एकत्र जेवतो. माझं लग्न मोडलं तेव्हा माझी कपाटं त्यानेच वाहिली. वाटलं, याला आडून आडून विचारावं.

"ग्विलिम, समज एक बॅरिस्टर आहे..."

"बाई की पुरुष?"

"त्याने काय फरक पडतो? समज, तिला एक निकाल..."

त्याने काटा खाली ठेवला. "थांब हेस्टर. हा बॅरिस्टर माझ्या ओळखीचा आहे का?"

मी पाण्याचा पेला उचलला.

"मग सांगू नकोस. तुझंच ते नवं पुस्तक. मी ऐकलं की मला कळवावं लागेल. नाही कळवलं तर मीही अडकणार. तेव्हा मला काहीच ऐकू आलेलं नाही, आणि हा पुडिंगचा तुकडा तुझा की माझा?"

"तुझा."

त्याने खाल्ला, पण चवीने नाही. निघताना खांद्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. म्हणाला, "त्या बॅरिस्टरला सांग, फार वेळ घालवू नकोस." मग लगेच, "बघ, मी काही म्हणालो नाही."

म्हणजे ज्याला सांगावं असा एकच माणूस, आणि त्यालाच सांगायची सोय नाही. लाज वाटली ती याची, की मी त्याला जेवता जेवता पळवाट शोधायला लावली.

बुधवार, १२ मार्च

अर्धवेळ न्यायाधीशाच्या जागेसाठी वीस तारखेला मुलाखत आहे. आज त्यांचा आणखी एक कागद आला. त्यात प्रश्न: तुमच्या वकिलीत असं काही आहे का, जे पुढे उघड झालं तर या पदाला कमीपणा येईल? दोन चौकोन, हो आणि नाही. 'नाही'वर खूण केली. पेन चाललं नाही म्हणून दुसऱ्यांदा करावी लागली.

क्रॅबट्रींनी संस्थेचा निरोप सांगितला. इबटसन काही त्रास देत नाहीये, गुपचूप आवराआवर करतोय. नगरपालिकेने त्याला चौथ्या मजल्यावर एक खोली देऊ केलीय. घर ठरल्या दिवशी रिकामं मिळेल, मागच्या अंगणातली कबुतरांची ढाबळसुद्धा तोच पाडून देणार आहे.

"भला माणूस दिसतो," क्रॅबट्री म्हणाले. "असे हरणारे मिळाले तर आमचं अर्धं काम हलकं होईल."

अपिलाची मुदत अठरा तारखेला संपते. त्यानंतर कुणालाच काही करता येणार नाही. मला स्वतःची घाण वाटते ती याची, की आज हा विचार आला तेव्हा मला हायसं वाटलं.

शुक्रवार, १४ मार्च

आज लिहिण्यासारखं काही नाही. कोर्ट नव्हतं. केस कापून घेतले. ऊन छान पडलं होतं, चौकातल्या बाकावर बसून सँडविच खाल्लं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

शनिवार, १५ मार्च

बाजारात टिंडल दिसला, बाबागाडी ढकलत. मी दिसताच त्याने गाडी वळवली आणि आल्या रस्त्याने परत गेला, जवळजवळ पळतच. एवढा तिरस्कार. दाढी वाढलेली, तोंड आठ दिवसांच्या तापातून उठल्यासारखं. बाळ रडत होतं तरी थांबला नाही.

त्याने अजून मंडळाला कळवलेलं दिसत नाही. का थांबलाय कळत नाही. मी होऊन बोलावं असं त्याला वाटत असेल. या वयात एका पोराकडून सभ्यतेची संधी मिळतेय मला.

रविवार, १६ मार्च

दुसरं पान वाचलं. तिसरंही. न्यायमूर्तींनी लिहिलंय, आजारी माणूस घरापासून लांब असतो तेव्हा तो घर सोडून गेलेला नसतो. मग ते विचारतात, त्याचं सामान कुठे होतं, त्याची पत्रं कुठे येत होती, त्याच्या जनावरांना कोण खाऊ घालत होतं. नाववाल्याचा एक कुत्रा होता. तो आईच्या घरी होता, एवढ्यावरून त्यांनी मानलं की माणूस परत येणारच होता.

कबुतरं. तो बिचारा ओरडून ओरडून तेच सांगत होता. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याने माझ्या हातात ठेवला आणि मी त्यावर कोर्टाला हसवलं.

सोमवार, १७ मार्च

सकाळी लीड्सच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत गेले. आत कुणीतरी गोष्ट सांगत होतं. "मग ती म्हणाली, त्या घरात सलग राहिली ती कबुतरं, तुम्ही नाही." सगळे खदखदून हसले. एकाने मला दारात पाहिलं आणि म्हणाला, "अरे, या, या, तुमचंच चाललंय. काय जागेवर मारलंत त्याला."

मी तशीच उलट्या पावली बाहेर आले आणि टिंडलला फोन केला.

कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात भेटलो. तो आला आणि समोर शिक्षेला बसल्यासारखा बसला. मी घोट न घेता सांगून टाकलं. "नाववाल्याचा निकाल मला सुनावणीच्या आधीपासून माहीत होता. दोन दिवस आधीपासून. मी लपवला. तुम्हाला कळलंय हे मला ठाऊक आहे. तुम्ही गप्प राहिलात, मला वेळ दिलात, त्याबद्दल..."

तो पांढराफटक पडला. "तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे? तुम्हाला हे कळलं नव्हतं?"

"मला निकाल सापडला, मिस कॉथॉर्न. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी. बाळाला मांडीवर घेऊन बसलो होतो, चाळा म्हणून शोधलं. पहिल्या झटक्यात निघाला. जे काम आधी करायचं ते मी हरल्यावर केलं." त्याने साखरेची पुडी फाडली, चहात टाकली नाही. "इबटसनना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझ्या आळसाने तुमचं घर गेलं? वीस दिवस रोज फोन हातात घेतो. एकदा त्यांनी उचललाही. मी चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला."

"मग माझ्याशी काय बोलायचं होतं?"

"तुम्हाला तो सापडला होता का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला जरा बरं वाटलं असतं. वाटलं असतं, एवढ्या मोठ्या बाईंनाही जो सापडला नाही तो मला नाही सापडला."

मला वाटत होतं तो मला छळतोय, आणि तो माझ्यापासून तोंड लपवत होता. आणि दोघांच्या मध्ये तो माणूस सामान बांधत होता.

"उद्या शेवटचा दिवस आहे," मी म्हटलं.

"आजच दाखल करतो. आत्ता." त्याने माझ्यासमोर इबटसनला फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. टिंडल फक्त "हो" आणि "माझी चूक" एवढंच म्हणत होता, चार-पाच वेळा. ठेवला तेव्हा डोळे पुसले. "म्हणाले, बाळ कसं आहे."

मग मी न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि संस्थेच्या सॉलिसिटरला कळवलं की मला यातून बाहेर पडावं लागेल. न्यायाधीशपदाचा अर्ज मागे घेतला. शेवटी मंडळाचा कागद. टिंडलनेही स्वतःचा भरला. दोघं एकाच टेबलावर आपापल्या गैरवर्तनाचे कागद भरत बसलो, शाळेत उठाबशा काढतात तसे. माझ्या कागदात एक प्रश्न होता: तुमच्या वर्तनामुळे कुणाचं कायमचं नुकसान झालं आहे का? मी लिहिलं, नाही, मुदतीच्या आत सगळं उघड केल्यामुळे कायमचं नुकसान झालेलं नाही. ते एक वाक्य लिहिताना जरा ताठ बसता आलं.

शुक्रवार, २१ मार्च

घर रिकामं करण्याला स्थगिती मिळाली. इबटसन आता तिथेच राहील.

चेंबरमध्ये मी आले की बोलणं थांबतं. क्रॅबट्री कामाची वही घेऊन आले, उभेच राहिले. "संस्थेने सगळी कामं काढून घेतलीत, मिस कॉथॉर्न. तेही ठीक. पण शेहेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, आमच्या चेंबरच्या माणसाने सांगितलं म्हणजे कोर्टात तपासून बघायची गरज नाही. आता ते सांगताना मला अडखळायला होईल." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

प्रॉसर रागावलाय. "मला सांगायचं होतंस."

"तूच म्हणालास, सांगू नकोस."

"मी म्हणालो म्हणून तू ऐकलंस?" म्हणाला. मग, "मला त्या दिवशी कळलं होतं हेस्टर. मीही कळवलं नाही. तो पुडिंगचा तुकडा अजून इथे अडकलाय." आणि छातीवर बोट ठेवलं.

गुरुवार, १२ जून

अपिलाची सुनावणी झाली. मला तिथे काही काम नव्हतं. मागच्या बाकावर जाऊन बसले. टिंडलने नाववाल्याचा निकाल वाचला, संस्थेच्या नव्या वकिलाने विरोध केला नाही, बारा मिनिटांत घर इबटसनचं झालं. न्यायमूर्तींनी माझं नाव घेतलं नाही, 'त्या वेळचे वकील' एवढंच म्हणाले. मंडळासमोर माझी सुनावणी जुलैत आहे. काही महिन्यांसाठी सनद जाईल असा अंदाज आहे. टिंडलला बहुधा ताकीद मिळेल.

बाहेर इबटसन भिंतीला टेकून उभा होता. काठी आता नव्हती. मला बघून स्वतः पुढे आला.

"टिंडलसाहेब म्हणाले, तुम्ही होऊन सांगितलंत. फार कुणी करत नाही बाई."

खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच गेले होते. असं काहीतरी ऐकायला. आणि आणखी ऐकावंसं वाटलं म्हणून मी विचारलं, "आता कबुतरं निवांत झाली असतील."

"कबुतरं नाहीत बाई."

"दिलीत कुणाला?"

"आठ पिल्लं दिली. ती शिकतात. मोठी कशी देणार? सांगितलं होतं ना कोर्टात." तो समजावून सांगत होता, राग नव्हता. "चौथ्या मजल्यावर नेता येत नव्हती. दुसऱ्याला दिली असती तर पुन्हा त्याच छपरावर येऊन बसली असती. ढाबळ नाही, दाणा नाही. नव्या भाडेकरूने विष घातलं असतं, नाहीतर उपाशी मेली असती. मग मीच केलं. हाताला माहीत असतं, त्यांना कळतही नाही. तेवीस होती. एक माझ्या आईच्या हातावर वाढलेली, आंधळी झाली होती, तिला शेवटी घेतलं."

"कधी?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"मार्चात. चौदा तारखेला, शुक्रवारी. मुद्दाम चांगला दिवस बघितला. आधी सगळ्यांना एकदा मोकळं सोडलं. ऊन होतं, तासभर फिरली वर. मग आली एकेक करून." त्याने तळहात कोटाला पुसले. "सोमवारी टिंडलसाहेबांचा फोन आला."

मी भिंतीला हात टेकला. त्याला वाटलं मला बरं नाही. "तुम्हाला कसं ठाऊक असणार," म्हणाला, आणि फेब्रुवारीत केला होता तसाच हात पुढे केला. मी तो घेतला. जाड, कोरडा, खरखरीत हात होता. मला तो पटकन सोडताही येईना आणि धरून ठेवायचीही हिंमत होईना.

घरी येऊन कोट न काढता ही वही उघडली. चौदा मार्च. आज लिहिण्यासारखं काही नाही. केस कापून घेतले. ऊन छान पडलं होतं.

पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. तेवीस फेब्रुवारीला निकाल सापडला. कोणत्याही एका दिवशी एक फोन केला असता. पंचवीसला उभी राहून चार वाक्यं बोलले असते. नाहीतर दोन मार्चला, इथे लिहिण्याऐवजी. दहा तारखेला प्रॉसरने सांगितल्यावर. तेरा तारखेपर्यंतसुद्धा चाललं असतं.

मंडळाला पत्र लिहायला बसले. मी दिलेल्या कागदात एक गोष्ट चुकीची आहे, ती माझ्याविरुद्ध जाते, आणि आपल्याकडून कुणी ती शोधेल असं मला वाटत नाही, म्हणून मी कळवते आहे. 'कायमचं नुकसान झालेलं नाही' हे वाक्य काढून टाकावं. सोबत माझ्या खासगी वहीतल्या चौदा मार्चच्या पानाची प्रत जोडली आहे.

एवढं लिहून पुन्हा वाचलं. एका ठिकाणी मी लिहून गेले होते, 'सुमारे वीस कबुतरं'. 'सुमारे' खोडलं. 'वीस' खोडून 'तेवीस' लिहिलं. पाचचं टपाल गाठलं.